‘एवढी प्रार्थना केली, मग चुकलं कुठे?’

पत्र

ताईंना जय येशू. आमचं घर वसईच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्यात. मिस्टर नाखवा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमची बोट आपटून फुटली. कर्ज काढून दुरुस्त केली. ते फिटायच्या आत मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्या. साखर आणि बीपी आधीपासून होतंच. आता दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पुढच्या महिन्यात हातावरचं फिस्तुलाचं (डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडायचं) ऑपरेशन पुन्हा करायचंय. बोट दुसऱ्या तांडेलाच्या हातात दिली आहे, हातात काही उरत नाही. दीर म्हणतात विकून टाका. मिस्टर म्हणतात, बोट विकली म्हणजे देवावरचा भरवसाच विकला.

मी नोव्हेना (नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, उपवास केले, मोतमाउलीला मेणाची मूर्ती वाहिली. मध्ये एका प्रार्थना-गटातल्या बायका घरी आल्या. म्हणाल्या, घरात कुणाचं तरी पाप लपलेलं आहे, नाहीतर तुमचा विश्वास कमी पडतो. एकीने सांगितलं, महिनाभर डायलिसिस बंद ठेवा आणि देवाची परीक्षा बघा. दुसरी म्हणाली, आपल्या संत गोन्सालोने हसत क्रूस घेतला आणि तू दिवसरात्र रडतेस. तेव्हापासून रोझरी, म्हणजे जपमाळ, हातात घेतली की शब्दच येत नाहीत. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तो चर्चमध्ये मिस्साला येत नाही. खरं सांगते, एकदोनदा पहाटे वाटलं की पाण्यात चालत जावं आणि परत येऊ नये. हे पाप आहे ना? एवढी प्रार्थना केली, मग चुकलं कुठे?

– तुमची एक बहीण

उत्तर

प्रिय भगिनी,

सगळ्यात आधी दोन गोष्टी, कारण त्या उद्यावर टाकता येत नाहीत.

डायलिसिस एक फेरीसुद्धा चुकवू नका. किडन्या काम करत नसल्या की रक्तातलं पोटॅशियम आणि अंगातलं पाणी दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतच चढत जातं. फेरी चुकली तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. महिना तर सोडाच, काही दिवसांत माणूस हातचा जाऊ शकतो. ‘देवाची परीक्षा बघा’ असं ज्या बाईंनी सांगितलं त्यांना मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून द्या. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं येशूला तिथे सैतान सांगतो. आणि येशू उत्तर देतो की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. आपल्या कॅथलिक बायबलात सिराखचं पुस्तक आहे, त्याचा ३८ वा अध्याय आज रात्री मिस्टरांना वाचून दाखवा. वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केलं. औषधं देवाने जमिनीतून दिली आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, हे दोन्ही तिथे एकाच दमात सांगितलं आहे. तेव्हा तुमचे मिस्टर हात मशीनला लावून चार तास पडून असतात तेव्हा ते विश्वासात कमी पडत नाहीत. देवाच्या वचनात सांगितलेलंच ते करत असतात.

हे लिहिता लिहिता आणखी एक सांगून ठेवते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस हातात शहाळं घेऊन येतो. डायलिसिसच्या माणसाला शहाळं घातक ठरू शकतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. खारा मासाही तसाच, मिठाने तहान लागते आणि पाणी तर मोजून प्यायचं असतं. प्रेमाने आणलेली वस्तू परत करायला तुम्हाला जड जात असेल, पण करा. नाहीतर दाराशीच घेऊन मुलाला देऊन टाका. काय चालतं आणि किती चालतं याचा कागद डायलिसिस सेंटरच्या आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात भिंतीला लावा, म्हणजे प्रत्येक पाहुण्याशी वाद घालावा लागणार नाही.

आता दुसरी गोष्ट. पहाटेचा तो विचार. तुम्ही विचारलंत, हे पाप आहे का. मला त्यात पाप दिसत नाही, दीड वर्षाचा शिणवटा दिसतो. तो विचार तुम्ही लपवला नाहीत, मला लिहिलात, याबद्दल मी देवाचे आभार मानते. आता तो जवळच्या एका माणसाला तोंडाने सांगा, आजच. बहीण, जाऊ, शेजारीण, जिच्यापाशी रडलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होणार नाही अशी कोणीही. सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोन-सेवा आहे, १४४१६ हा नंबर, रात्रीबेरात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार पुन्हा आला तर एकट्याने किनाऱ्यावर जायचं नाही, घरातल्या कुणाला तरी हलवून उठवायचं. मुलाला उठवलंत तरी चालेल. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपली आई रडते हे ठाऊक असतंच.

एलिया संदेष्ट्याला अगदी हेच वाटलं होतं. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय. कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांसमोर त्याची प्रार्थना ऐकली गेली होती, आकाशातून अग्नी उतरला होता. आणि लगेच पुढच्याच पानावर तो जीव घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, परमेश्वरा, माझा प्राण घे. म्हणजे विश्वास कमी होता म्हणून त्याला मरावंसं वाटलं, असं कोणी म्हणू शकत नाही. देव त्याला काय उत्तर देतो ते बघा. रागावत नाही, उपदेश करत नाही. एलियाला झोप लागते. देवदूत त्याला शिवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच, ऊठ, खा, वाट तुला झेपायची नाही. देवाचं बोलणं त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. आधी झोप आणि जेवण.

म्हणून मी तुम्हाला विचारते, मिस्टर आत चार तास असतात तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून काय खाता? मी रुग्णभेटीला जाते तिथल्या बायका पाहिल्या आहेत. नवऱ्याच्या डब्यात मोजून मीठ घालतात, त्याच्या पाण्याचे घोट मोजतात आणि स्वतः सकाळच्या चहावर दुपारचे तीन वाजवतात. आठवड्यातल्या तीन फेऱ्यांपैकी एका फेरीला तुम्ही जाऊ नका. दीर जातील, मुलगा जाईल. त्या दिवशी जेवा आणि दुपारी झोपा. पुढचे सहा महिने हीच तुमची नोव्हेना समजा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, चुकलं कुठे.

चुकलं नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. आपल्या धर्मग्रंथातलं एक आख्खं पुस्तक याच प्रश्नावर लिहिलेलं आहे. ईयोब हा सात्त्विक, सरळ, देवाला भिऊन वागणारा माणूस होता हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकलं आहे, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. त्याची गुरं जातात, मुलं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तेवढंच त्यांचं बरोबर. आठव्या दिवसापासून तोंड उघडतात आणि तुमच्याकडे आलेल्या बायका जे बोलल्या तेच बोलायला लागतात. तुझ्या हातून काहीतरी घडलंच असेल, कबूल कर, देव उगाच कुणाला मारत नाही. ईयोब कबूल करत नाही. तो देवाशी भांडतो, जन्मलेल्या दिवसाला शिव्या देतो, देवाला न्यायालयात बोलावतो. आणि शेवटी देव काय निकाल देतो? ४२ व्या अध्यायात तो त्या मित्रांनाच सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवावर ओरडणारा बरोबर ठरला. हे मी बनवून सांगत नाही, पुस्तक उघडून बघा.

येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. जन्मांध माणूस दिसला आणि शिष्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, यानंही नाही आणि यांच्या आईबापांनीही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्याचा विषय निघाला तेव्हाही त्याने स्पष्ट सांगितलं की ती माणसं यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती. तौक्तेत तुमची बोट आपटली तेव्हा शेजारच्यांच्याही बोटी आपटल्या असतील. वादळाने कुणाच्या घरातलं पाप मोजून बोट निवडली नाही. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं अंगात राहिलं की किडन्या जाऊ शकतात, ख्रिस्ती माणसाच्याही जातात आणि बिशपांच्याही जाऊ शकतात.

मग देव हे होऊ का देतो? याचं पूर्ण उत्तर ईयोबालासुद्धा दिलं गेलं नाही. देव त्याच्याशी बोलला, पण कारण सांगितलं नाही. पुढे त्याला पुन्हा मुलं झाली, पण आधीची गेलेली मुलं परत आली नाहीत. कारण ठाऊक असल्याच्या थाटात बोलणाऱ्या माणसापासून जरा लांबच राहा, मग तो कितीही मोठ्याने आल्लेलुया म्हणत असो. जे आपल्याला सांगितलं गेलं आहे ते वेगळं आहे. येशू आजाऱ्याला भेटला तिथे तिथे त्याने त्याला बरं केलं. ‘हा आजार अंगावर ठेव, तुझ्यासाठी चांगला आहे’ असं त्याने शुभवर्तमानात एकाही आजाऱ्याला सांगितलेलं नाही. लाजरसच्या कबरीपाशी, त्याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही, तो रडला. आणि शेवटी तो स्वतःच दुःखात उतरला, बाहेर उभं राहून बोलला नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना दिसला तेव्हा त्याच्या हातांवरच्या खुणा तशाच होत्या, थोमाला त्याने त्याच दाखवल्या. आपला ख्रिस्ती विश्वास या खुणांवर उभा आहे. मिस्टरांच्या दंडावर सुया टोचून टोचून जे गाठाळ झालं आहे, ते देवाला परकं नाही.

संत गोन्सालोचं नाव घेऊन तुम्हाला जे बोललं गेलं ते मला फार लागलं. गोन्सालो गार्सिया आपला, वसईचा. जपानात नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याला क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या धैर्यापुढे मीही गुडघे टेकते. पण जी माणसं त्याचं नाव तुमच्या रडण्यावर उगारतात त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्याच्यापुढे विश्वास सोडण्याचा रस्ता मोकळा होता आणि त्याने तो घेतला नाही, म्हणून आपण त्याला हुतात्मा म्हणतो. किडनी निकामी होण्याला कोणी हो किंवा नाही म्हणत नाही, ते येऊन आदळतं. आणि दुसरं, गोन्सालो एकटा नव्हता. ते सव्वीस जण होते. भर थंडीत, कान कापलेल्या अवस्थेत, क्योटोपासून नागासाकीपर्यंत त्यांतले बहुतेक सगळे बरोबर चालत गेले, एकमेकांना धीर देत, स्तोत्रं म्हणत. तुमच्या बाजूला असे पंचवीस जण कुठे आहेत, हे त्या बाईंनी आधी बघायला हवं होतं.

आता प्रार्थनेविषयी. रोझरी हातात घेतली की शब्द येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. तर शब्द नका आणू. मणी हातात धरून बसा, तेवढं पुरे. पौलाने रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायात लिहिलं आहे की आपण काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. आणि शब्द आले आणि ते रागाचे आले, तरी ते देवासमोरच बोला. स्तोत्रसंहिता घ्या आणि तेरावं स्तोत्र वाचा: ‘कुठवर?’ हा प्रश्न तिथे सुरुवातीच्याच दोन ओव्यांत चार वेळा विचारलेला आहे. मग अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आभार नाहीत, स्तुती नाही, काही नाही. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, मंडळी आजही ते प्रार्थना म्हणून म्हणते. असं बोललेलं देवाला चालतं हे आपल्याला कळावं म्हणून ते तिथे ठेवलं आहे, असं मी मानते. गेथशेमाने बागेत येशूने काय मागितलं? हा प्याला माझ्यापासून टळून जाऊ दे. एकदा नाही, तीनदा मागितलं. तो टळला नाही. क्रुसावर त्याने बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? देवाच्या पुत्राची प्रार्थना जशी मागितली तशी पूर्ण झाली नाही, तर त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? पौलाच्याही शरीरात काटा होता, त्यानेही तीनदा विनवणी केली आणि उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला.

तुम्ही रडता, देवाला जाब विचारता आणि तरी दर फेरीला नवऱ्याला धरून रिक्षात बसवता. विश्वासात टिकून राहणं म्हणतात ते माझ्या मते हेच. त्यासाठी तोंडावर हसू लागत नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये नवरा गेला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि काही महिन्यांनी १९२२ मध्ये त्या स्वतः. त्यांनी कुठे या सगळ्याचं कारण मिळवून मग काम केलं? केडगावच्या मुक्ती सदनात त्या दुष्काळातल्या मुलींना जेवू घालत राहिल्या आणि अखेरपर्यंत बायबलचं भाषांतर करत राहिल्या.

बोटीचं मात्र मी जरा सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं घरातला खरा ताण तिथे आहे. आणि मिस्टर नाखवा आहेत, त्यांना समुद्रातली गोष्ट समुद्रातल्या माणसासारखी कळेल. प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय त्यांना वाचून दाखवा. नुसतं तात्पर्य सांगू नका, सगळा वाचा, त्यात शिडं, दोर, नांगर, पाण्याची खोली सगळं आहे.

पौल कैदी आहे, त्याला रोमला नेत आहेत. तारवात सगळे मिळून २७६ जण. मोसम उलटून गेलेला, पुढे जाऊ नका असं पौल सांगतो, पण कप्तान आणि मालक ऐकत नाहीत. वादळ पकडतं. दुसऱ्या दिवशी ते माल समुद्रात टाकायला लागतात. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातांनी तारवाचं सामान फेकतात. कितीतरी दिवस ना सूर्य दिसतो ना तारे, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणतो की वाचण्याची सगळी आशा मावळली. तेव्हा पौल उभा राहून सांगतो की देवाच्या दूताने मला कळवलं आहे, तुमच्यातला एकही जीव जाणार नाही, तारू मात्र जाईल. हे वाक्य मिस्टरांना दोनदा वाचून दाखवा. देवाच्या वचनातच तारू जाण्याचं आधी सांगितलं आहे. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो, ते बुडीद टाकून पाणी मोजतात, वीस वाव, मग पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने मागल्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट बघत राहतात. मध्येच काही खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून छोटी होडी पाण्यात सोडतात, स्वतःपुरते निसटायला बघतात. पौल म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. उजाडता उजाडता तो सगळ्यांना सांगतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, खा. भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. मग सगळे खातात आणि उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलकं करतात. पुढे तारू वाळूत रुततं, लाटांनी त्याची मागली बाजू फुटते. पोहता येणारे उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर. सगळे २७६ किनाऱ्याला लागतात.

या अध्यायात काय काय पाण्यात टाकलं गेलं ते मोजा. माल, सामान, गहू, शेवटी तारूच. आणि काय सोडलं नाही? एकमेकांना सोडलं नाही, आणि आभार मानून भाकर मोडणं सोडलं नाही. देवावरचा भरवसा बोटीत ठेवलेला नाही, असं मिस्टरांना सांगा. आणि हे मी सांगितलं म्हणू नका, पौलाने सांगितलं म्हणा. तीन तारवं फुटली त्याची, एक दिवस आणि एक रात्र त्याने समुद्रात काढली, असं तो करिंथकरांना लिहितो. बोट विकायची की नाही हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो हिशेबानेच सोडवा. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी आहे, बोट शाकारून किनाऱ्यावर असेल. कर्जाचा हप्ता, डिझेल, खलाशांची मजुरी, जाळ्यांची दुरुस्ती एका बाजूला लिहा आणि गेल्या मोसमात बोंबील-जवळा विकून खरोखर हातात आलेला पैसा दुसऱ्या बाजूला. दिरांना, मुलाला आणि मिस्टरांना एकत्र बसवून ऑगस्टच्या आत ठरवा. माझं मत विचाराल तर, तुम्ही लिहिलंत त्यावरून विकणंच शहाणपणाचं दिसतं. पण नाखव्याला बोट विकायला लावणं म्हणजे त्याच्याकडून केवढं मागणं आहे हेही मी जाणते. त्यांना घाई करू नका. विकायच्या आधी एकदा बोटीपाशी सगळ्यांनी जाऊन प्रार्थना करा, तिने इतकी वर्षं घर चालवलं म्हणून आभार माना.

एक इशारा मात्र देते. त्या गोष्टीतले सगळे वाचले म्हणून मिस्टर नक्की बरे होतील, असं मी तुम्हाला वचन देत नाही आणि दुसरं कोणी दिलं तर घेऊ नका. पौलसुद्धा त्या किनाऱ्यावरून पुढे रोमला गेला आणि तिथे मारला गेला, असं आपली परंपरा सांगते. आपली आशा पुनरुत्थानाची आहे, ती या आयुष्यातल्या बरं होण्यापेक्षा मोठी आहे. ती धरा आणि बरं होण्यासाठी प्रार्थनाही करत राहा. दोन्ही एकत्र चालतात.

मुलाला मिस्साला ओढून नेऊ नका. तो बापाला डायलिसिसला नेतो का? नेत असेल तर त्याला एकदा सांगा की हे तू करतोस ते येशूने मोजलेलं आहे, मी आजारी होतो आणि तू माझ्याकडे आलास, या शब्दांत. ईयोबाचा तिसरा अध्याय त्याच्या मोबाइलवर पाठवा, त्यावर काही लिहू नका. देवावर चिडायची मुभा आहे हे कळलं की चिडलेली मुलं कधी कधी देवाशी बोलायला लागतात.

लोकांची मदत घ्यायला शिका. क्रुसाच्या वाटेचं पाचवं स्थान तुम्हाला पाठ असेल, कुरेनेकर शिमोन येशूला क्रूस वाहायला मदत करतो. येशूने तो क्रूस एकट्याने वर नेला नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखावर एक मोठं पत्र लिहिलं आणि त्यात शेवटाकडे ते वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या दयाळू शमरोन्याच्या गोष्टीपाशी येतात, माणसाचं दुःख दुसऱ्यातलं प्रेम जागं करायला जगात आहे म्हणतात. गावातल्या माणसांना ती संधी द्या. कोण मंगळवारी जेवण आणून देईल, कोण एक फेरी नेईल, कोण रिक्षाचे पैसे देईल, असं नावानिशी मागा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी काहीतरी सांगून टाका. रविवारी मिस्टरांना सोडून निघता येत नसेल तर मिस्सा चुकल्याचं ओझं मनावर घेऊ नका. आजाऱ्याची सेवा हे कारण मंडळी मान्य करते, कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घरी आणून देण्याची सोय असते.

आणि ऑपरेशनच्या आधी फादरांना घरी बोलावून मिस्टरांना रुग्णाभ्यंग संस्कार, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, द्यायला सांगा. आपल्याकडे अजूनही लोक त्याला मरणाचं तेल समजतात, फादर दाराशी दिसले की शेजारी रडायला लागतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं आहे की तो फक्त मरणाच्या टेकीला आलेल्यांसाठी नाही. गंभीर आजारात तो घेता येतो, मोठ्या ऑपरेशनआधी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. मिस्टर घाबरतील, त्यांना हे आधी समजावून सांगा. त्या दिवशी घरी मोजकीच माणसं बोलवा, ज्यांना गप्प बसता येतं अशी. फादरांना फोन करताना बोटीचं, दिरांचं, त्या बायकांचं काही सांगत बसू नका. ‘नवऱ्याला रुग्णाभ्यंग हवाय, आणि त्यानंतर मला तुमच्याशी अर्धा तास बोलायचंय’, एवढं म्हणा, आणि त्या अर्ध्या तासात पहाटेच्या त्या विचाराचंही सांगा.

तुमची,
ताई